'राणी' या शब्दाचे अर्थ आणि उपयोग : मुळशी पेट्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

१ नोव्हेंबर १८५८ रोजी अलाहाबाद येथे गव्हर्नर जनरल लॉर्ड कॅनिंग याने ब्रिटनच्या राणीच्या नावे एक घोषणापत्र वाचून दाखविले. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार संपुष्टात येऊन हिंदुस्थानचे राज्य राणीने आपल्या हाती घेतल्याचे त्यात जाहीर करण्यात आले होते. मराठीत हा दस्तऐवज 'राणीचा जाहीरनामा' या नावाने ओळखला जातो. धर्माच्या बाबतीत हस्तक्षेप करणार नाही, नोकऱ्या देताना वंश किंवा धर्म पाहणार नाही, संस्थानिकांशी झालेले करार पाळू, ही त्यातील आश्वासने क्रमिक पुस्तकांमुळे सर्वांच्या परिचयाची आहेत. त्या मानाने दुर्लक्षित राहिलेले एक आश्वासन जमिनीसंबंधीचे आहे. वाडवडिलांपासून चालत आलेल्या जमिनीविषयी या देशातील लोकांना वाटणारी ओढ आपण जाणतो, तिचा आदर करतो आणि त्या जमिनीवरील त्यांच्या हक्कांचे रक्षण व्हावे अशी आपली इच्छा आहे, असा त्याचा आशय आहे. मात्र हे रक्षण राज्याच्या न्याय्य मागण्यांच्या अधीन राहील, अशी पुस्तीही त्याच वाक्यात जोडलेली आहे.

या जाहीरनाम्यानंतर त्रेसष्ट वर्षांनी, १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी पुणे जिल्ह्यातील मुळशी पेट्यात सत्याग्रह सुरू झाला. टाटा कंपनीच्या धरणाखाली वाडवडिलांच्या जमिनी जाणार होत्या, म्हणून मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले होते. जाहीरनाम्यातील आश्वासनाची आणि त्याला जोडलेल्या पुस्तीची खरी कसोटी अशा ठिकाणी लागते.

मुळशी सत्याग्रहाचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. विनायकराव भुस्कुटे यांनी तो एक कार्यकर्ता म्हणून लिहिला, तर राजेंद्र व्होरा यांनी अभ्यासक म्हणून. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र एका शब्दापुरता मर्यादित आहे. 'राणी' या शब्दाचा मराठीतील मूळ अर्थ कोणता, मराठेशाहीत प्रत्यक्ष सत्ता चालविणाऱ्या स्त्रियांसाठी तो कितपत वापरला गेला, आणि राजाची बायको असा अर्थ असलेला हा शब्द एकोणिसाव्या शतकात 'राज्य', 'सरकार' या अर्थाने खेड्यापाड्यांत कसा पोहोचला, याचा शोध येथे घेतला आहे. हा बदल वरवर भाषेपुरता दिसला तरी तो तेवढ्यावर थांबला नाही, हे मुळशीच्या उदाहरणावरून लक्षात येते.

शब्दाचे कुळ

'राजा' हा शब्द मराठीने संस्कृतातून जसाच्या तसा घेतला. 'राणी' मात्र संस्कृत 'राज्ञी'पासून प्राकृत 'रण्णी' अशा वाटेने झिजत झिजत मराठीत आला. म्हणजे जोडीतील एक शब्द पंडितांच्या दारातून आला आणि दुसरा लोकांच्या तोंडून. याच कुळातला 'राणा' हा पुल्लिंगी शब्द जुन्या मराठीत राजा या अर्थाने सर्रास आढळतो. वारकऱ्यांचा विठ्ठल 'पंढरीचा राणा' असतो. राणीव म्हणजे राजेपण, हा जुन्या काव्यातला शब्द याच राण्यापासून आला, राणीपासून नव्हे. राणीच्या वाट्याला आला तो 'राणीवसा', म्हणजे राजवाड्यातील बायकांच्या राहण्याचा भाग. एकाच मुळापासून फुटलेल्या दोन शब्दांपैकी एकात सत्ता आहे आणि दुसऱ्यात निवासस्थान आहे.

संस्कृतात पट्टराणीला 'महिषी' असेही म्हणत. मराठीने या शब्दाची म्हैस केली आणि राजवाड्यासाठी 'राणी' ठेवली. भाषेने केलेल्या अनेक वाटण्यांपैकी ही एक गमतीची वाटणी म्हणावी लागेल.

लोकवाङ्मयातील राणी कशी आहे, हे पाहण्यासाठी श्रावणातल्या कहाण्या पुरेशा आहेत. आटपाट नगरातल्या राजाला बहुधा दोन राण्या असतात, एक आवडती आणि एक नावडती. नावडतीला गुरांच्या वाड्यात किंवा शेतावर राहावे लागते, जाडेभरडे नेसावे लागते, उष्टेमाष्टे खावे लागते. तिचे दैव फिरते ते व्रतामुळे. राज्याच्या कारभारात आवडतीलाही काही स्थान नसते. 'नावडतीचे मीठ अळणी' ही म्हण याच जगातून आली आहे. कहाणीतले राणीपण राजाच्या मर्जीवर टिकते आणि त्याच मर्जीने जाते. कहाण्या ऐकणाऱ्या स्त्रियांना त्यात आपल्या घरचीच गोष्ट ऐकू येत असली पाहिजे.

मुळशी तालुक्यापुरते बोलायचे तर याहून जवळचा पुरावा जात्यावरच्या ओव्यांचा आहे. गी पॉइटवॅं आणि हेमा राईरकर यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातील शेकडो गावांतून ओव्या गोळा केल्या. त्या संग्रहात मुळशी तालुक्यातील नांदगाव, कोळवडे यांसारख्या डोंगरी गावांचा वाटा मोठा आहे. या ओव्यांत लेक 'मैना' असते, मुलगा 'राघू' असतो. सीतेवरील ओव्यांची संख्या लक्षणीय आहे. सीता ही अयोध्येची राणी. परंतु दळणाऱ्या स्त्रिया तिच्या राणीपणाविषयी फारसे गात नाहीत. त्या गातात तिच्या वनवासाविषयी, सासुरवासाविषयी, रानात एकटीने केलेल्या बाळंतपणाविषयी. राजाने घराबाहेर काढलेली बाई, हीच त्यांच्या दृष्टीने राणीची ओळख आहे. श्रावणातली नावडती आणि ओवीतली सीता यांच्यात अंतर फार नाही.

सत्ता बाईंची, शब्द दुसरे

मराठ्यांच्या इतिहासात सत्ता चालविणाऱ्या स्त्रियांची परंपरा ठळक आहे. आज त्या सर्वांच्या नावामागे 'राणी' किंवा 'महाराणी' लावण्याची प्रथा पडली आहे. तत्कालीन व्यवहारात मात्र हा शब्द पदवी म्हणून क्वचितच भेटतो, ही गोष्ट अभ्यासकांनी पुरेशा गांभीर्याने घेतलेली दिसत नाही.

६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला तेव्हा सोयराबाई पट्टराणी म्हणून त्या विधीत सहभागी होत्या. येथे पट्टराणी हे धर्मविधीतील स्थान आहे, ते राज्यकारभारातील अधिकारपद नव्हे. खरा अपवाद येसूबाईंचा. संभाजी महाराजांनी त्यांना कारभाराचा अधिकार दिला आणि त्यांच्या शिक्क्यावर 'श्री सखी राज्ञी जयति' ही अक्षरे आली. या चार शब्दांतील 'राज्ञी' महत्त्वाचा आहे. शिक्क्यावर लोकभाषेतील 'राणी' नाही, तिचे संस्कृत मूळ आहे. शिवकाळात फारसी पदनामांच्या जागी संस्कृत पदनामे आणण्याचा जो जाणीवपूर्वक प्रयत्न झाला, 'राज्यव्यवहारकोश' ज्याचे फळ आहे, त्याच वळणावर हा शिक्का उभा आहे. कहाणीतल्या राणीला राज्याचा शिक्का मिळणे शक्य नव्हते, म्हणून तिला 'राज्ञी' व्हावे लागले, असे म्हणता येईल. त्यातही 'सखी' हा शब्द जोडलेला आहेच. हा मान टिकला थोडा काळ. १६८९ मध्ये रायगड पडला, येसूबाई मोगलांच्या कैदेत गेल्या आणि १७१९ मध्ये सुटून आल्या.

ताराबाईंचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांचे निधन झाले. त्यानंतर औरंगजेबाशी झालेल्या युद्धाची सूत्रे ताराबाईंच्या हाती होती. १७०३ आणि १७०४ या दोन वर्षांत सिंहगड, राजगड, तोरणा हे किल्ले मोगलांनी घेतले. पुण्याच्या पश्चिमेकडील मावळ खोरी या युद्धाच्या थेट झळीत होती. ताराबाईंनी फौजा पाठविल्या, सरदार जोडले, किल्ले परत मिळविले. परंतु राज्य चालले ते त्यांचा अल्पवयीन पुत्र शिवाजी याच्या नावाने. त्या स्वतः 'मातोश्री', 'आईसाहेब' होत्या. अधिकार आला तो राजाची बायको म्हणून नव्हे, छत्रपतींची आई म्हणून. पती गेल्यावर राणीपण संपते, आईपण संपत नाही. मराठी राज्यव्यवहाराने स्त्रीच्या सत्तेला ज्या दारातून आत घेतले ते हे दार होते. १७१४ मध्ये कोल्हापुरात ताराबाईंना बाजूला सारण्यात आले तेही राजसबाईंच्या पुत्राच्या नावाने, एका आईच्या जागी दुसरी आई आणून.

अहिल्याबाई होळकर यांनी १७६७ ते १७९५ अशी अठ्ठावीस वर्षे कारभार केला. पती खंडेराव, सासरे मल्हारराव, पुत्र मालेराव हे तिघेही गेल्यानंतरचा हा कारभार आहे. त्या 'मातोश्री अहिल्याबाई' होत्या आणि आज्ञापत्रांवर 'श्री शंकर' लिहीत. राज्य शंकराचे, आपण त्याच्या वतीने पाहणार, असा त्याचा भाव होता.

पुण्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट नोंदविली पाहिजे. अठराव्या शतकात मराठी सत्तेचे केंद्र पुण्यात होते, पण त्या पुण्याला राणी कधीच नव्हती. छत्रपती साताऱ्यास, पेशवे त्यांचे प्रधान. म्हणून गोपिकाबाई, रमाबाई, आनंदीबाई या सगळ्या 'बाई'च राहिल्या. गोपिकाबाईंचा शब्द कारभारात किती चालत असे आणि आनंदीबाईंच्या नावाभोवती किती वाद उभे राहिले, हे सर्वज्ञात आहे. 'बाई' या साध्या प्रत्ययाने मराठीत जेवढी सत्ता पेलली तेवढी 'राणी'ने पेलली नाही.

एकाच वर्षातल्या दोन राण्या

झाशीचे गंगाधरराव नेवाळकर २१ नोव्हेंबर १८५३ रोजी वारले. दत्तक पुत्र दामोदरराव याचा वारसा कंपनी सरकारने नामंजूर केला आणि १८५४ मध्ये संस्थान खालसा झाले. लक्ष्मीबाईंचा झगडा दत्तकाच्या हक्कासाठी होता, आणि १८५७-५८ मध्ये त्यांनी राज्य चालविले तेही दामोदररावाच्या वतीने. त्या काळात झाशीत राहून सर्व पाहिलेले वरसईचे विष्णुभट गोडसे त्यांचा उल्लेख 'बाईसाहेब' असा करतात. 'माझा प्रवास' वाचताना समोर उभी राहते ती घोडा फेकणारी, ब्राह्मणांना दक्षिणा देणारी, किल्ला लढविणारी बाई. तिला बाईसाहेब म्हणण्यात गोडसेभटजींना कोठेही उणेपणा जाणवत नाही. दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांनी १८९४ मध्ये जे चरित्र प्रसिद्ध केले त्याच्या शीर्षकात 'महाराणी लक्ष्मीबाईसाहेब' असे दोन्ही शब्द एकत्र आले आहेत. जुने संबोधन अजून सुटलेले नाही आणि नवे येऊन बसले आहे. पुढे सुभद्राकुमारी चौहान यांच्या हिंदी कवितेने 'झाशीची राणी' हे रूप देशभर रूढ केले आणि बाईसाहेब मागे पडल्या.

लक्ष्मीबाई जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ धारातीर्थी पडल्या. त्यानंतर पाच महिन्यांच्या आत व्हिक्टोरियाचा जाहीरनामा निघाला. एका राणीचा वारसा नाकारणारी कंपनी गेली आणि दुसऱ्या राणीचे राज्य आले. या दुसऱ्या राणीची जात वेगळी होती. ती कोणाची पत्नी म्हणून राणी नव्हती. तिचा नवरा आल्बर्ट हयात होता, पण तो राजा नव्हता. मराठी माणसाच्या 'राजा-राणी' या कल्पनेत अशी राणी बसत नव्हती. तरीही तिच्यासाठी शब्द वापरला गेला तो हाच. शब्द जुना, अर्थ नवा, अशी स्थिती झाली.

१ जानेवारी १८७७ रोजी दिल्ली दरबारात तिने सम्राज्ञीपद धारण केल्याचे जाहीर झाले तेव्हा या शब्दाची अडचण उघड झाली. राणी, महाराणी ही पदे संस्थानिकांच्या बायकांना लावली जात असताना त्या सर्वांच्या वर असणाऱ्या सत्ताधीशेला तीच कशी पुरणार? उपाय म्हणून निवडले गेले ते 'कैसर-इ-हिंद', म्हणजे रोमन सीझरचे फारसी-अरबीतून आलेले रूप, मुळात पुरुषवाचक. येसूबाईंसाठी संस्कृताकडे जावे लागले होते, व्हिक्टोरियासाठी रोमपर्यंत. त्याच दरबाराला पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी खादीचा पोशाख करून गेले होते आणि सभेच्या वतीने त्यांनी मानपत्र सादर केले. मानपत्रातून मागणे मांडणे ही त्या पिढीची रीत होती आणि जाहीरनामा हा तिचा मुख्य आधार होता. राणीने शब्द दिला आहे, अंमलदार तो पाळत नाहीत, असा तो युक्तिवाद.

महात्मा फुले यांच्या लेखनातही राणी आणि तिचे अंमलदार यांत हा भेद आहे, पण त्यांची दृष्टी सभेच्या पुढाऱ्यांहून वेगळी होती. १८८८ मध्ये पुण्यात राणीचा पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट याच्या सन्मानार्थ झालेल्या समारंभाला ते शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि इथे जमलेले जरतारी लोक म्हणजे तुमच्या आईची प्रजा नव्हे, खरी प्रजा खेड्यांत आहे, असा निरोप त्यांनी त्याच्याजवळ दिला. हा निरोप फुले यांनी राणीसाठी दिला हे खरे. पण तो ऐकू जायला हवा होता जमलेल्या पाहुण्यांना, असे मानण्यास जागा आहे.

याच्या उलट टोकाला चापेकर बंधू. दामोदर चापेकर यांनी मुंबईतील राणीच्या पुतळ्याला डांबर फासले होते. हा संगमरवरी पुतळा १८७२ मध्ये उभारला गेला, त्याचा खर्च बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिला होता. २२ जून १८९७ च्या रात्री, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून गणेशखिंडीतून परतणाऱ्या रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. राणी स्वतः हिंदुस्थानात कधीही आली नाही. तिच्या नावाचे समारंभ, तिचे पुतळे आणि तिचे अधिकारी एवढेच येथे होते, आणि राग निघाला तोही त्यांच्यावरच.

राणीछाप

सामान्य माणसाला ही राणी भेटली ती रुपयावर. व्हिक्टोरियाचे मुखचित्र असलेला रुपया कंपनीच्या अमदानीतच, १८४० पासून, निघू लागला होता. १८६२ पासून तो थेट राजसत्तेच्या नावे निघाला आणि १८७७ नंतर त्यावरील 'क्वीन' जाऊन 'एम्प्रेस' आले. इंग्रजी अक्षरे वाचता न येणाऱ्यांच्या दृष्टीने त्यामुळे काहीच बदलले नाही. तो 'राणीछाप' होता आणि राणीछापच राहिला. चांदी खरी, वजन एक तोळा, ही त्याची पत. अनेक घरांत लक्ष्मीपूजनाच्या ताटात तो अजूनही निघतो. राज्य म्हणजे राणी, हे समीकरण जाहीरनाम्यापेक्षा या रुपयाने अधिक पक्के केले असावे, कारण सारा भरायचा तो याच रुपयांत.

मुंबईत १८६२ मध्ये भायखळ्याला 'व्हिक्टोरिया गार्डन्स' सुरू झाले आणि मराठी माणसाने त्याची लगेच 'राणीची बाग' केली. १९६९ मध्ये बागेला वीरमाता जिजाबाई भोसले यांचे नाव देण्यात आले. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटचे नावही १९९७ मध्ये जिजाबाईंच्या नावाने बदलले, आद्याक्षरे मात्र तीच ठेवून. राणीच्या जागी आणली गेली ती राणी नव्हे, माता. ताराबाईंच्या काळची रीत विसाव्या शतकातही नकळत चालू राहिली. लोकांच्या तोंडी बाग अजून राणीचीच आहे, आणि डांबर सोसलेला तो पुतळाही आता तेथेच, संग्रहालयाच्या आवारात आहे.

खेळांत पाहिले तर हिंदुस्थानी बुद्धिबळात राजाशेजारी वजीर असतो. युरोपात त्याचीच राणी झाली, मराठी खेळाडूंनी मात्र वजीर सोडला नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात १२० पाने असतात, दहा अवतारांची बारा-बारा. प्रत्येक रंगात राजा आणि प्रधान आहेत, राणी नाही. राणी आली ती विलायती पत्त्यांबरोबर, राजा आणि गुलाम यांच्या मध्ये. ही गंजिफा नामशेष होऊ लागली असताना १९७० च्या दशकात तिला जीवदान देण्यात सावंतवाडीच्या राणी सत्वशीलादेवी भोसले यांचा पुढाकार होता. ज्या खेळात राणीला जागा नव्हती तो एका राणीने वाचविला.

'राणीमाशी' हा असाच अलीकडचा शब्द. मुळशीच्या रानात सातेरी आणि आग्या मोहोळांची पोळी शेकडो वर्षे आहेत, पण पोळ्यातल्या अंडी घालणाऱ्या माशीला राणी म्हणणे पाश्चात्त्य प्राणिशास्त्राबरोबर आले. तेथेही सतराव्या शतकापर्यंत तिला राजाच समजत असत. स्वामरडाम याच्या शवविच्छेदनाने तो समज मोडला. वस्तुतः ती राज्य करीत नाही, अंडी घालते. फुलराणी, राणीहार, कापड दुकानातला राणी रंग, कॅरममधली लाल राणी, नव्या जोडप्याचा राजाराणीचा संसार, लाडक्या लेकीला 'राणी' म्हणून मारलेली हाक, हे उपयोग सर्वांना माहीत आहेत. त्यांत रूप आहे, लाड आहे, अधिकार नाही. म्हणजे राज्यकर्ती हा नवा अर्थ रुपया आणि जाहीरनाम्यापुरता राहिला. घरात शिरला तो जुनाच.

राणीचा शब्द आणि मुळशीची जमीन

जाहीरनाम्यातील जमिनीच्या आश्वासनाला जोडलेली पुस्ती १८९४ मध्ये कायद्याच्या रूपात उतरली. व्हिक्टोरियाच्याच कारकिर्दीत झालेल्या भूसंपादन कायद्याने सार्वजनिक कामासाठी जमीन सक्तीने घेण्याचा अधिकार सरकारला दिला. त्याच्या सातव्या भागात कंपन्यांसाठी जमीन संपादन करण्याची तरतूद होती. वाडवडिलांच्या जमिनीचा आदर एका बाजूला आणि राज्याच्या न्याय्य मागण्या दुसऱ्या बाजूला, असे जे १८५८ चे वाक्य होते, त्यातला दुसरा भाग आता कलमांसह तयार झाला. पहिल्या भागाचे कलम कोणी केले नाही. मागणी न्याय्य आहे की नाही हे ठरविण्याचा अधिकारही मागणाऱ्याच्याच हाती राहिला.

टाटा पॉवर कंपनी १९१९ मध्ये स्थापन झाली. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ मुळशी येथे धरण बांधून, पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून कोकणात भिऱ्याला सोडायचे आणि त्यावर मुंबईसाठी वीज तयार करायची, अशी ती योजना होती. पन्नासच्या आसपास गावे बाधित होत होती. भाताची खाचरे, देवळे, स्मशाने, सगळे पाण्याखाली जाणार होते. मुळशी पेट्यातील पुष्कळ जमीन आधीच पुण्याच्या सावकारांकडे गहाण पडलेली किंवा त्यांच्या नावावर गेलेली होती. त्यामुळे भरपाईच्या प्रश्नावर सावकार आणि कसणारा मावळा यांचे हित एक नव्हते. सावकाराला जमिनीची किंमत हवी होती, मावळ्याला जमीन. पुण्यातील पुढाऱ्यांचा सूर पुढे का बदलत गेला, याचे एक कारण येथे आहे.

सत्याग्रहाचा पहिला परिणाम म्हणजे काम काही महिने थांबले. नंतर ते पुन्हा सुरू झाले. पांडुरंग महादेव बापट यांना या लढ्यातच लोकांनी 'सेनापती' म्हटले. ही पदवी कोणत्याही दरबाराने दिली नाही. डिसेंबर १९२४ मध्ये बापट यांनी धरणाच्या कामावरील गाडी अडवली, त्यात त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि लढा संपला.

येथे शब्दाच्या दृष्टीने एक बाब महत्त्वाची आहे. सार्वजनिक सभेच्या पिढीने राणीच्या शब्दाचा आधार घेऊन अर्ज केले होते. १९२१ मध्ये व्हिक्टोरिया जाऊन वीस वर्षे झाली होती, गादीवर पंचम जॉर्ज होता, आणि सत्याग्रह ही मुळी अर्जाची भाषा नव्हती. 'जान किंवा जमीन' अशी घोषणा देणारा मावळा कोणाच्या आश्वासनाची आठवण करून देत नव्हता. जमीन आपली आहे, हे सांगायला त्याला राणीची गरज उरली नव्हती. दयाळू राणी आणि निष्ठुर अंमलदार हा भेद पुण्याच्या सभागृहांत जितका काळ टिकला तितका तो खाचरात टिकणे शक्य नव्हते, कारण तेथे मोजणीला येणारा अंमलदार तेवढाच दिसत होता.

भिरा येथील वीजनिर्मिती १९२७ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षीच्या जानेवारीत पुण्याला अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड यांच्या अध्यक्षतेखाली भरले. शिक्षणाची मागणी करणाऱ्या स्त्रियांनी अध्यक्षपदासाठी महाराणी निवडली, हा त्या शब्दाच्या वाटचालीतला निराळा टप्पा आहे. तेथे राणीपणाचा उपयोग व्यासपीठ म्हणून झाला. पुढे १९७१ मध्ये सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता आणि तनखे रद्द झाले आणि या पदव्यांना कायद्यात आधार उरला नाही.

१ जून १९३० रोजी मुंबई आणि पुणे यांच्यामध्ये विजेवर चालणारी 'डेक्कन क्वीन' सुरू झाली. मराठीत ती 'दख्खनची राणी' झाली. तिला लागणारी वीज मुळशीची होती असे म्हणण्याचे कारण नाही. रेल्वे कंपनीने त्यासाठी ठाकुर्लीला स्वतःचे वीजकेंद्र उभारले होते. परंतु पाणी, डोंगर आणि घाट यांचा मुंबईसाठी उपयोग करून घेण्याचा जो काळ होता, त्याचीच ती गाडी. खंडाळ्याच्या घाटातून ती जाते, त्याच सह्याद्रीच्या रांगेत दक्षिणेला मुळशीचा जलाशय आहे.

मुळशीच्या सत्याग्रहात स्त्रियाही होत्या. धरणाच्या जागेवर त्या बसल्या आणि शिक्षाही त्यांनी भोगल्या. त्यांच्यापैकी कोणालाही 'सेनापती'सारखी पदवी मिळाली नाही, राणी तर कोणी म्हणालेच नाही. त्यांच्या नावांना जोडून राहिले ते 'बाई'. ताराबाईंच्या, अहिल्याबाईंच्या आणि गोडसेभटजींच्या बाईसाहेबांच्या नावालाही हाच शब्द होता. त्यांच्या लेकीसुनांच्या ओव्या साठ वर्षांनंतर मुळशीच्या गावोगावी ध्वनिमुद्रित होऊ लागल्या, तेव्हा जात्यावर सीता अजूनही वनवासातच होती.